एकोणीस नंबरचा आवाज

बाईंचा देवावर पूर्ण विश्वास होता. अविश्वास काय तो माणसांवर. त्यातही गोड बोलणाऱ्यावर जरा जास्त. दारावर कोणी आलं की बाई आधी त्याला बोलू देत. त्याच्या चेहऱ्याकडे पाहतच नसत. मान किंचित डावीकडे कलती करून, डोळे उंबऱ्यावर ठेवून नुसतं ऐकत. दोन वाक्यं झाली की मनात शिक्का बसे. हा सांगतो तिथला नाही. किंवा, आहे तिथलाच, पण मधली काही वर्षं दुसरीकडे काढून आलाय आणि ते लपवतोय. विद्यापीठातली मुलं पाठीमागे त्यांना ‘कानसेन’ म्हणत. हेही बाईंना ठाऊक होतं, कारण पाठीमागचं बोलणंसुद्धा त्यांना स्पष्ट ऐकू येई.

हा कान एकदा खरोखर कामी आला होता. आठ वर्षांपूर्वी एक गृहस्थ पाण्याचं मीटर तपासायला म्हणून आले. गळ्यात ओळखपत्र, कानामागे पेन्सिल, हातात वही, सगळं व्यवस्थित. बोलता बोलता म्हणाले, “मागच्या गल्लीतच लहानाचा मोठा झालो हो मी.” बाईंनी ते एकच वाक्य ऐकलं, “बसा, पाणी आणते,” म्हणाल्या, आणि पाणी न आणता बाहेरून कडी लावून शेजाऱ्यांना हाक मारली. त्या गृहस्थाने त्याच आठवड्यात तीन घरं साफ केली होती. चौकीतला हवालदार म्हणाला, “बाई, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात.” ते वाक्य बाईंच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. देणगी देवाची असते. तिचा गर्व मात्र माणूस आपल्या पदरचा घालतो.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल, डोळ्याला भिंग, समोर पोट उघडून पडलेली घड्याळं. ते दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत, त्यातली पंधरा बायकोला चिडवण्यासाठी राखून ठेवलेली. मागच्या खोलीत बाईंचा लॅपटॉप. मधलं दार तासाच्या वेळी घट्ट बंद करावं लागे, नाहीतर एका दमात सहा घड्याळं ठोके देत आणि मुलांना वाटे तास संपला.

बाई इंग्रजी शिकवत, पण सरळ इंग्रजी नव्हे. इंग्रजी ही एकटीदुकटी नाही, ती लेकुरवाळी आहे, तिची लेकरं जगभर पांगलीत आणि प्रत्येकाचे नाकडोळे वेगळे आहेत, असं त्या पहिल्याच तासाला सांगत. सिंगापूरचा माणूस वाक्याच्या शेपटीला ‘ला’ लावतो, तर तो चुकलेला नसतो. नायजेरियात तुम्हाला ठेच लागली तर शेजारून चालणारा ‘सॉरी’ म्हणतो. त्याने काही केलेलं नसतं, त्याला वाईट वाटलेलं असतं, इतकंच. मुलं हसत. मग बाई विचारत, “यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या बोलण्याला हसणारेही कुठेतरी बसलेच आहेत.”

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाने हा विषय ऑनलाइन केला. नोकरी करणारे, घरी लहान मूल असलेले, लांबच्या गावांतले, सगळ्यांना तो घेता यावा म्हणून. एक्केचाळीस विद्यार्थी. पडद्यावर एक्केचाळीस काळे चौकोन, कारण कॅमेरा चालू केला की कुणाचा ना कुणाचा आवाज तुटे. संशयी माणसाला काळा चौकोन दाखवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका वर्गात एका मुलाची हजेरी सहा महिने त्याचा भाऊ देत होता, हे उघडकीला आलं. त्या दिवशी बाईंनी ठरवलं की आपल्या वर्गात ‘हजर’ हा शब्द बंद.

त्याऐवजी त्यांनी स्वतःची रीत काढली. बाई नंबर घेत. नंबर आला की त्या मुलाने त्या क्षणी आपल्या खिडकीतून काय दिसतं, ते इंग्रजीत एका वाक्यात सांगायचं. सात नंबरला रोज बांधकाम दिसे. तीस नंबरला शेजाऱ्याची वाळत घातलेली चादर. एक्केचाळिसाव्याच्या खोलीला खिडकीच नव्हती, तो दाराचं वर्णन करी. बाई ऐकत आणि समोरच्या लांबट वहीत नंबरापुढे खुणा करत. कोणाचा शेवट चढा, कोण शब्द चावतो, कोणाचा श्वास आधी ऐकू येतो. दुसऱ्या महिन्यापासून त्यांना नंबर घ्यायचीही गरज नव्हती. नुसत्या खाकरण्यावरून कळे. विभागप्रमुखांनी भर बैठकीत या रीतीचं कौतुक केलं होतं. दुसऱ्या दोन विभागांनी ती उचलली होती.

एकोणीस नंबरपुढची खूण अशी होती : ‘जड, दमलेला. शब्द ओढत आणते. वाक्याचा शेवट गिळते.’ एकोणीस नंबरला रोज पाण्याची टाकी दिसे. “टाकी आहे, बाई. कालच्याच जागी,” असं ती म्हणे, आणि पुढे तासभर तिचा माइक बंद. चौदा आठवडे हेच.

मग तोंडी परीक्षा आली.

परीक्षेला दुसऱ्या देशातल्या एका विद्यापीठातून पाहुण्या परीक्षक होत्या. प्रत्येकाला बारा मिनिटं. एक अनोळखी आवाज ऐकवायचा, तो बोलणारा कुठला असावा ते विद्यार्थ्याने सांगायचं, आणि आपला अंदाज कुठे चुकू शकतो तेही सांगायचं. सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एकोणीस नंबरची वेळ होती, त्या दुपारची पहिलीच. बाईंनी परीक्षकांचं स्वागत केलं, दोन शब्द बोलल्या, मग परीक्षकांनी थोडं बोलून एकोणीस नंबरला सुरू करायला सांगितलं.

आणि त्यांचं पेन थांबलं.

हा आवाज एकोणीस नंबरचा नव्हता. हा ताठ होता, उजळ होता, शब्द धुऊन इस्त्री केल्यासारखे. एकही शेवट गिळलेला नाही. मधे मधे मऊ हसू, ते नेमकं जिथे ऐकणाऱ्याला बरं वाटेल तिथे. उत्तरं चोख. परीक्षक खूश झाल्या, पन्नासात सेहेचाळीस देऊन मोकळ्या झाल्या. बाईंनी वहीत फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं, पण ते इतकं दाबून काढलं की खालच्या दोन पानांवर उमटलं.

दोन दिवस आधी एकोणीस नंबरचा एक मेल आला होता. मुलींच्या एका शाळेत तिची शिक्षिका म्हणून निवड झाली होती. तीस तारखेच्या आत या विषयाचा निकाल हातात दिला तर नेमणूक पक्की. नाही दिला तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला ती जागा जाणार. ‘कृपा करून तेवढं बघावं,’ असं लिहिलं होतं. तेव्हा बाईंना मेलमध्ये काही वावगं दिसलं नव्हतं. आता त्यांनी तो उघडला आणि त्यातला शब्द न् शब्द त्यांना वाकडा दिसू लागला.

“अहो,” त्या मधलं दार उघडून म्हणाल्या, “माझ्या परीक्षेला दुसरीच कोणीतरी बसली.”

घड्याळजींनी भिंग काढलं नाही. “तुला दिसली?”

“दिसायचं काय त्यात? ऐकली.”

“मग पकडून बाहेरून कडी घाल.”

“तुम्हाला सगळी थट्टा सुचते. एका मुलीच्या जागी दुसरी बोलून गेली, चार गुण कमी पन्नास घेऊन गेली, आणि ही उद्या शाळेत पोरी शिकवणार.”

“सर्दी झाली असेल तिला.”

“सर्दीने आवाज बसतो. उठत नाही.”

हे मात्र घड्याळजींना पटलं. ते पुन्हा घड्याळात वाकले.

ती रात्र आणि मंगळवारभर बाई हेडफोन लावून बसल्या. एका बाजूला चौदा आठवड्यांची टाकीची वाक्यं, दुसऱ्या बाजूला परीक्षेतली उत्तरं. परीक्षेचं रेकॉर्डिंग त्या दर वेळी नेमकं तिथून लावत जिथे एकोणीस नंबर बोलायला लागते. पाच वेळा ऐकलं, नऊ वेळा ऐकलं. वेग वेगळा, श्वास घ्यायची जागा वेगळी, ‘र’ वेगळा. आणि चौथ्या मिनिटाला काहीतरी होतं. आवाज वाढवून ऐकलं तर मागे कोणीतरी खोकलं होतं आणि लगेच एक दार लागलं होतं. म्हणजे खोलीत आणखी कोणी होतं. कोण? संशय हा पाहुणा असा आहे की त्याला एक खुर्ची दिली की तो घरभर आपलं सामान मांडतो. खोकला पुरुषाचा की बाईचा, इथून सुरू झालेला विचार रात्रीच्या जेवणापर्यंत ‘ही एकटीदुकटीची फसवणूक नाही, टोळी आहे’ इथवर येऊन पोचला.

बुधवारी सकाळी त्यांनी नोंदणीच्या अर्जावरचा नंबर फिरवला. एका पुरुषाने उचलला.

“ती नाहीये. ड्युटीवर आहे,” तो म्हणाला.

“कसली ड्युटी?”

“बोलायची.”

“म्हणजे?”

“फोनवर बोलायची हो. बाहेरच्या देशातली माणसं फोन करतात, यंत्र बिघडलं म्हणून, बिल चुकलं म्हणून. त्यांच्याशी बोलायचं. दिवसभर बोलते, घरी आली की तोंडातून शब्द निघत नाही. आपण कोण?”

बाईंनी “नंतर करते” म्हणून ठेवून दिला, आणि खुर्चीत ताठ बसल्या. त्यांना सगळं लख्ख दिसलं. जिथे पन्नास बायका दिवसभर गुळगुळीत इंग्रजी बोलत बसतात, तिथून एक बाई बारा मिनिटांपुरती उसनी आणायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या खुर्चीतलीला म्हटलं, बाई गं, माझ्या जागी बैस, की झालं.

त्यांनी विभागप्रमुखांना दोन पानी अहवाल पाठवला. विद्यार्थिनी क्रमांक एकोणीसच्या जागी दुसऱ्या व्यक्तीने तोंडी परीक्षा दिल्याची खात्री आहे, निकाल रोखावा. ‘शंका’ असं आधी लिहिलं होतं, ते खोडून ‘खात्री’ केलं.

तासाभरात विभागप्रमुखांचा फोन आला. हा माणूस कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा होकार देऊन बावीस वर्षं त्या खुर्चीवर टिकलेला.

“मॅडम, निकाल रोखला तर पुढची बैठक थेट पंधरा दिवसांनी. तिची तीस तारीख जाते. बघा, एकदा विचार करा.”

“नियम तारखा बघत नाही, सर.”

“नाही, नाही, ते बरोबरच. पण ती पोर म्हणेल माझी नोकरी गेली.”

“आणि खोटी असेल तर पंचवीस मुलींचं शिक्षण वाया जाईल त्याचं काय?”

“तेही बरोबरच,” विभागप्रमुख म्हणाले. “मग उद्याच बसू. मी, तुम्ही, परीक्षा विभागाचा कारकून. तिला पडद्यावर बोलावतो.”

गुरुवारी अकरा वाजता विभागाच्या बैठकीच्या खोलीत ते तिघे बसले. लांब टेबल, झाकणं घातलेले पाण्याचे पेले, भिंतीवर पडदा. कारकून जुना आणि कडक होता. त्याच्यासमोर तीन रंगांची पेनं ओळीने ठेवलेली. बाईंनी आपली लांबट वही उघडून ठेवली, एकोणीस नंबरच्या पानावर.

पडद्यावर एकोणीस नंबर आली. या खेपेला कॅमेरा चालू होता. बाईंनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मुलगी कसली, चांगली पस्तिशीची बाई. कानशिलाशी चार पांढरे केस, आणि डोक्यावर मधोमध केस चेपून पडलेली हेडफोनची खाच. मागे भिंतीला टेकून एक पलंग, त्यावर कोणीतरी पांघरूण घेऊन पडलेलं. बाईंनी लगेच त्या पांघरुणाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“तुझ्याविरुद्ध काय तक्रार आहे, वाचलंस?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“वाचलं सर. परीक्षेत मीच होते.”

आवाज जड, दमलेला. शेवट गिळलेला. बाईंनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, की बघा.

“मग तिथला आवाज वेगळा कसा?” बाई म्हणाल्या.

“परीक्षक मॅडमनी बोलायला सुरुवात केली ना, त्या अगदी आमच्या गिऱ्हाइकांसारख्या बोलत होत्या. माझी जीभ आपोआप कामावर गेली, बाई. आठ वर्षं तेच करतेय. तुमच्या तासाला मी ड्युटी संपवून यायचे, जीभ घरी आलेली असायची. आणि तुमच्यासमोर तसं बोलायची लाज वाटायची.”

“कसं?”

“ते कामावरचं. खोटं वाटलं असतं तुम्हाला.”

“आता काय खरं वाटतंय?”

एकोणीस नंबरने घाम पुसला. “सहाव्या आठवड्यात तुम्हीच शिकवलंत बाई, की समोरचं माणूस बदललं की बोलणं बदलतं. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.”

“धडा पाठ आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही,” बाई म्हणाल्या. “पाठ तर कोणीही करेल.”

“मग मी आत्ता बोलून दाखवू का तसं?”

“नक्कल करायला चार दिवस मिळाले की तुला.”

विभागप्रमुखांनी दोघींनाही अर्धा अर्धा होकार दिला. “असं करू, रेकॉर्डिंगच ऐकू. मॅडम, कुठून लावायचं?”

“एक मिनिट चाळीसपासून. तिथून ती बोलते.”

“मधूनच नाही लावता येत,” कारकून म्हणाला. “फाइल सुरुवातीपासून लावायची. नियम आहे. मधून लावली की लोक म्हणतात कापली.”

“तीच तीच दीड मिनिटं कशाला ऐकायची? त्यात काही नाही.”

“नसू दे. लावतो.”

त्याने बटण दाबलं. खोलीत एका बाईचा आवाज घुमला. इंग्रजीत स्वागत करत होती. शब्द नाकातून वर उचललेले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटंसं हसू, आणि ‘मान’, ‘भाग्य’ असल्या शब्दांवर जरा जास्तच रेंगाळणं. बाईंची मान सवयीने डावीकडे कलली, डोळे टेबलावर आले, आणि मनात शिक्का बसला : शिकलेली. बाहेर राहून आल्याचं दाखवते आहे, राहिलेली नाही. समोरच्या बाईपुढे दबलेली, मिंधी.

रेकॉर्डिंगमधला तो आवाज म्हणाला, ‘माझ्या वर्गात एक्केचाळीस विद्यार्थी आहेत.’

बाईंची कललेली मान झटकन सरळ झाली.

“थांबवा जरा,” विभागप्रमुख म्हणाले. “परीक्षक दोन होत्या का?”

कारकुनाने कागद पाहिला. “एकच लिहिल्यात.”

“मग या कोण? परीक्षक तर अजून बोलल्याच नाहीत. मॅडम, ही कोण बाई तुमच्या परीक्षेत?”

बाईंनी स्वतःचा तास कधी परत ऐकला नव्हता. ते मुलांनी ऐकायचं असतं. बावीस वर्षं त्यांनी जगभरच्या माणसांची तोंडं तपासली, हे एक तोंड तेवढं राहून गेलं होतं. आणि सुटकाही सोपी होती. परीक्षेच्या सुरुवातीला विद्यापीठाची तांत्रिक मदतनीस जोडलेली असते. ती बाईच असते. ‘ती मदतनीस असेल’ असं म्हटलं असतं तर या खोलीत कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता. कारकुनाने लिहून घेतलं असतं, फाइल पुढे सरकली असती, आणि वहीतली एकोणीस नंबरपुढची खूण खरी ठरली असती.

पण एकोणीस नंबरला ठाऊक होतं. ती त्या दिवशी तिथे होती. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. तिने खाली पाहून समोरचा कागद टेबलाच्या कडेला सरळ लावला, पुन्हा थोडा सरळ लावला.

हिला बोलायचं नाहीये की हिने बोलायची वेळ राखून ठेवलीय, हा विचार अशा घटकेलाही बाईंच्या मनात येऊन गेला. सवय मोठी वाईट. देव अशा वेळी काही सांगत नाही. तो फक्त थोडा वेळ देतो.

“मीच ती,” बाई म्हणाल्या.

विभागप्रमुख हसले. “काहीतरीच काय मॅडम. बावीस वर्षं रोज तुमचा आवाज ऐकतोय मी.”

“परत लावा,” बाई कारकुनाला म्हणाल्या.

परत लावलं. या खेपेला विभागप्रमुखांचं हसू अर्ध्यावर राहिलं. “अरे हो की,” ते हळूच म्हणाले, आणि पेल्यावरचं झाकण काढून पाणी प्यायले.

“हे लिहू का?” कारकुनाने विचारलं.

“लिहा. अहवाल मी मागे घेते, तेही लिहा. द्या इकडे, मीच लिहिते.”

त्यांनी आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या. अहवालातला ‘खात्री’ हा शब्द खोडताना पेन कागदात रुतलं. निकाल त्याच दिवशी पाठवायचं ठरलं. एकोणीस नंबरने “आभारी आहे” एवढंच म्हटलं, ते कोणत्या आवाजात म्हटलं हे बाईंनी मुद्दाम ऐकलं नाही, आणि पडदा काळा झाला.

कारकून उठून गेल्यावर विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, ती आवाजावरची हजेरी... आता बंदच करावी लागेल बहुतेक. पुढच्या आठवड्यापासून मुलं बटण दाबतील.”

“बटण कोणीही दाबेल, सर.”

“आवाजही कोणीही काढेल. आत्ताच ऐकलं ना आपण.”

बावीस वर्षांत विभागप्रमुखांनी पहिल्यांदा कुणाला तरी पुरतं उत्तर दिलं होतं. बाईंनी समोरची लांबट वही मिटली.

घरी आल्यावर त्यांनी घड्याळजींना सगळं सांगितलं, काही न वगळता. मिंधीसुद्धा वगळलं नाही. घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

“काय?”

“तू तिकडच्या माणसांशी बोलताना अशी बोलतेस ते. दारातून ऐकू येतं मला.”

“मग सांगितलं नाहीत ते?”

“मला वाटलं शिकवण्याचाच भाग असेल.”

शनिवारी सकाळी बाईंनी एकोणीस नंबरला फोन लावला. वाजत असताना त्यांना कळेना की काय भाषेत बोलावं आणि कसं. शेवटी घरी बोलतात तसं बोलल्या.

“निकाल पोचला का गं?”

“पोचला बाई. शाळेत देऊन आले कालच. सोमवारपासून बोलावलंय.”

“बरं झालं.” पलीकडे भांडी वाजत होती. “मला एक सांग. त्या दिवशी तुला ठाऊक होतं ना, तो आवाज माझा आहे ते? मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, तुम्हीच सांगाल.”

“आणि नसतं सांगितलं तर?”

“तर मग मी सांगणारच होते,” ती म्हणाली. “नोकरीचा प्रश्न होता, बाई. पण आधी तुम्हाला वेळ द्यावा म्हटलं.”

बाईंना हे उत्तर आवडलं नाही, आणि खरंही वाटलं. गोड उत्तर आलं असतं तर रात्रभर झोप लागली नसती.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस तुझा जीव टांगणीला लावला.”

“हो, लावलात,” एकोणीस नंबर म्हणाली. पुढे “असू दे” वगैरे म्हणाली नाही.

बाईंना फोन ठेवायचा होता, पण एक खडा अजून टोचत होता. “राग मानू नकोस. चौथ्या मिनिटाला कोण खोकलं?”

“सासरे. पलंगावर असतात ते. दुसरी खोली नाही आम्हाला. ते खोकले म्हणून यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं, परीक्षा आहे म्हणून.”

“बरे आहेत का आता?”

“तसेच आहेत.”

“देव त्यांना आराम देवो,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या खोलीतून घड्याळजींनी विचारलं, “काय म्हणाली?”

“सासरे म्हणे. आजारी असतात. खरं असेल.”

“असेल?”

बाई उभ्या राहिल्या. चहाचं आधण ठेवायचं होतं. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि एखादं जड भांडं खाली ठेवावं तसा शब्द ठेवला.

“आहे.”